घरगुती जोडणीवरील व्यक्तिगत सर्व्हर : मुंबई उपनगरांच्या संदर्भात

१. वेग आणि पत्ता

जुहू येथे १९८५ साली स्थापन झालेली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजेच एन.सी.एस.टी., ही संस्था भारतातील इंटरनेटच्या इतिहासात एका विशेष कारणासाठी स्मरणात राहिली आहे. ‘अर्नेट’ ह्या शैक्षणिक व संशोधन जाळ्याला परदेशाशी जोडणारे दार १९८९ मध्ये ह्या संस्थेत उघडले. येथून निघालेली तार अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील यूयूनेटपर्यंत जाई आणि तिचा वेग दर सेकंदास अवघा ९,६०० बिट इतका होता. आज त्याच परिसरात, अंधेरीच्या एखाद्या सामान्य सदनिकेत, दर सेकंदास १०० मेगाबिट वेगाची फायबर-जोडणी सहज मिळते. हा वेग जुहूच्या त्या तारेच्या दहा हजार पटींहून अधिक आहे.

असे असूनही एका बाबतीत ते जुने जाळे आजच्या सदनिकेपेक्षा समर्थ होते. १९९० च्या सुमारास अर्नेटला १४४.१६ ह्या आकड्यांनी सुरू होणारे ६५,५३६ पत्ते मिळाले. ज्या यंत्राला ह्यांपैकी पत्ता लाभला, त्याला जगातील इतर यंत्रे नावानिशी हाक मारू शकत. आजच्या बहुसंख्य घरगुती जोडण्यांना असा पत्ताच नसतो. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्रतळावरून आलेल्या अनेक आंतरराष्ट्रीय केबली जमिनीवर येतात. तेथून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या गृहस्थाला त्या केबलींतून जगभरचे साहित्य मागविता येते, परंतु जगातून कोणी त्याच्या घरातील संगणकाला काही मागू म्हटले, तर ती मागणी घरापर्यंत पोहोचत नाही.

वेग आणि पत्ता ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि घरी सर्व्हर चालवू पाहणाऱ्याची मुख्य अडचण वेगाची नसून पत्त्याची आहे, हा ह्या विवेचनाचा गाभा होय. ही अडचण कशी उत्पन्न झाली, तिच्यातून कोणत्या वाटा निघतात आणि त्या वाटांनी जाताना उपनगरातील रहिवाशाला वीज, पाऊस व सुरक्षितता ह्यांचा विचार कसा करावा लागतो, हे क्रमाने पाहता येईल.

२. सर्व्हर म्हणजे काय

सर्व्हर हे एखाद्या विशिष्ट जातीच्या यंत्राचे नाव आहे, असा समज रूढ आहे. वस्तुतः ते एका भूमिकेचे नाव आहे. जे यंत्र दुसऱ्याच्या मागणीची वाट पाहत जागे राहते आणि मागणी येताच उत्तर देते, ते सर्व्हर. जिनिव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९९० मध्ये जगातील पहिला वेब सर्व्हर चालविला, तो त्यांच्या टेबलावरील नेक्स्ट संगणकावर. हे यंत्र बंद करू नये, अशी हाताने लिहिलेली सूचना त्याच्यावर चिकटविलेली होती.

त्या चिठ्ठीत सर्व्हरच्या गरजांपैकी एक सांगितली गेली आहे : अखंड जागेपण. इतर तीन गरजा म्हणजे बाहेरून पोहोचता येईल असा पत्ता, उत्तर परत पाठविण्यास पुरेशी वाट, आणि दाराची रखवाली. सर्नमध्ये ह्या तीन गोष्टी संस्थेने पुरविल्या होत्या. घरी मात्र चारही गोष्टींची तजवीज एकट्या गृहस्थास करावी लागते. यंत्राचा प्रश्न त्या मानाने क्षुल्लक आहे. वापरातून गेलेला लॅपटॉप, किंवा २०१२ पासून उपलब्ध असलेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, आणि त्यावर लिनक्सची डेबियनसारखी मोफत आवृत्ती, एवढी सामग्री एका कुटुंबाच्या फायली, छायाचित्रे व दोन-चार वेबपाने सांभाळण्यास पुरते.

३. पत्त्यांची टंचाई

इंटरनेटची जी पत्तापद्धती १९८० च्या दशकापासून प्रचारात आहे, तिच्यात, म्हणजे आयपीच्या चौथ्या आवृत्तीत, प्रत्येक पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यामुळे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ इतकेच होऊ शकतात. २०११ मध्ये जगाची लोकसंख्या सातशे कोटींच्या घरात पोहोचली होती. अर्थात माणशी एक पत्तासुद्धा पुरला नसता. त्याच वर्षी फेब्रुवारीत मध्यवर्ती साठ्यातील अखेरचे गट वाटून संपले आणि एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाचा मुक्त साठाही आटला. भारतात घरोघरी फायबर पोहोचण्याचा काळ ह्यानंतरचा आहे. जोडण्या वाढल्या, त्या वेळी द्यावयास पत्ते उरले नव्हते.

टंचाईवरचा तात्पुरता उपाय मे १९९४ मध्येच मांडला गेला होता. तो म्हणजे पत्त्यांचे भाषांतर, ज्याला ‘नॅट’ असे म्हणतात. त्याचे स्वरूप कार्यालयातील टेलिफोन-बोर्डाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. कार्यालयाचा बाहेरचा क्रमांक एकच असतो. आत पन्नास टेबलांवर पन्नास फोन असतात. आतील माणूस बाहेर फोन करतो तेव्हा बोर्ड त्याला बाहेरची तार जोडून देतो आणि संभाषण कोणाचे चालू आहे ह्याची नोंद ठेवतो. पलीकडून येणारा आवाज त्या नोंदीच्या आधारे योग्य टेबलाकडे जातो. परंतु बाहेरून कोणी आपण होऊन फोन केला, तर तो कोणत्या टेबलासाठी आहे हे बोर्डाला कळत नाही. आधी सूचना दिलेली नसेल तर तो फोन तेथेच थांबतो.

घरातील राउटर नेमके हेच काम करतो. घरातील यंत्रांना १९२.१६८ अशा आकड्यांनी सुरू होणारे खासगी पत्ते असतात, जे लक्षावधी घरांत एकसारखेच आहेत आणि घराबाहेर निरर्थक आहेत. बाहेर जाणारे प्रत्येक पॅकेट राउटर आपल्या बाहेरच्या पत्त्याने पाठवितो आणि एका तक्त्यात त्याची नोंद करतो. हा बोर्ड मात्र गृहस्थाच्या हाती असतो. “अमुक क्रमांकाच्या दारावर आलेली मागणी अमुक यंत्राकडे पाठवावी,” अशी कायमची नोंद तो करू शकतो. व्यवहारात तिला ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणतात.

पुढे सेवादात्यांकडेही पत्ते अपुरे पडू लागले, तेव्हा त्यांनी आपल्या पातळीवर असाच दुसरा बोर्ड बसविला. ‘सीजीनॅट’ ह्या नावाने तो ओळखला जातो. एप्रिल २०१२ मध्ये ह्या कामासाठी १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचा ४१,९४,३०४ पत्त्यांचा गट राखून ठेवण्यात आला. प्रत्येक जाहीर पत्त्याला ६५,५३६ पोर्ट असतात. समजा, सेवादात्याने दर ग्राहकास त्यांतील २,०४८ पोर्ट वापरू दिले, तर एका जाहीर पत्त्यामागे ३२ घरे बसविता येतात. ह्या दुसऱ्या बोर्डावर ग्राहकाचा अधिकार चालत नाही. त्यामुळे घरच्या राउटरमध्ये कितीही बिनचूक नोंद केली, तरी बाहेरची मागणी त्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. नवशिक्यांचे कित्येक दिवस ह्या एका गोष्टीच्या अज्ञानामुळे वाया जातात. परीक्षा सोपी आहे : राउटर स्वतःचा म्हणून जो बाहेरचा पत्ता दाखवितो तो, आणि बाहेरच्या एखाद्या वेबपानाला दिसतो तो, हे दोन पत्ते ताडून पाहावेत. ते भिन्न असतील, आणि पहिला वर सांगितलेल्या गटातील किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर मध्ये दुसरा बोर्ड आहे असे निश्चित समजावे.

४. तीन वाटा

ह्या अडचणीतून निघण्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत आणि प्रत्येकीचे मोल निराळ्या प्रकारे द्यावे लागते.

पहिली वाट सेवादात्याकडून स्थिर जाहीर पत्ता घेण्याची. अनेक सेवादाते जादा शुल्क घेऊन तो देतात. ही वाट सर्वांत सरळ खरी. परंतु करारातील अटी आधी वाचाव्यात, कारण घरगुती योजनेवर सर्व्हर चालविण्यास काही करारांत मनाई असते. जाहीर पत्ता मिळतो पण तो वारंवार बदलतो, अशी स्थिती असल्यास बदललेला पत्ता डोमेन-नावाशी आपोआप जोडून देणारी सेवा वापरता येते.

दुसरी वाट आयपीच्या सहाव्या आवृत्तीची. डिसेंबर १९९५ मध्ये तिचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. तिच्यातील पत्ता १२८ बिटांचा असल्यामुळे टंचाईचे मूळच नाहीसे होते. एका घराला सामान्यतः मिळणाऱ्या सर्वांत लहान गटातदेखील २ चा ६४ वा घात, इतके पत्ते असतात. २०१६ नंतर भ्रमणध्वनीच्या जाळ्यांनी ही आवृत्ती मोठ्या प्रमाणावर स्वीकारल्यामुळे भारतातील निम्म्याहून अधिक वापरकर्ते आज तिच्या कक्षेत आले आहेत. तथापि तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. राउटरची संरक्षक भिंत बाहेरून येणारी मागणी बहुधा अडविते. ती जाणीवपूर्वक उघडावी लागते. मिळालेला पत्ता-गट सेवादाता अधूनमधून बदलू शकतो. शिवाय ज्या कार्यालयांत वा वसतिगृहांत अजून केवळ चौथी आवृत्ती चालते, तेथून असा सर्व्हर दिसत नाही.

तिसरी वाट आडवळणाची, परंतु कोठेही चालणारी आहे. जाहीर पत्ता असलेला एखादा लहानसा संगणक विदागारात भाड्याने घ्यावयाचा आणि घरच्या यंत्राने आपण होऊन त्याच्याशी कूटबद्ध बोगदा बांधावयाचा. घरातून बाहेर जाणाऱ्या जोडणीला कोणताच बोर्ड अडवीत नसल्यामुळे हा बोगदा सीजीनॅटमधूनही निघतो. आणि एकदा तो बांधला गेला की बाहेरच्या मागण्या त्याच्यातून उलट दिशेने घरी आणता येतात. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेले वायरगार्ड हे ह्या कामाचे सुटसुटीत साधन होय. येथे भाड्याचे यंत्र केवळ दाराचे काम करते. मजकूर घरीच राहतो. मात्र बोगद्याचे टोक आणि मजकुराच्या कूटलेखनाचे टोक ह्यांत भेद केला पाहिजे. वाचकाशी होणाऱ्या कूटलेखनाची किल्ली भाड्याच्या यंत्रावर ठेवली, तर जाणारा-येणारा मजकूर त्या यंत्रावर क्षणभर उघडा होतो. ती घरच्या यंत्रावर ठेवली, तर हा दोष टळतो.

५. परतीची वाट

ग्राहकाला वेग सांगितला जातो तो बहुधा आत येणाऱ्या वाटेचा. सर्व्हरचे काम बाहेर जाणाऱ्या वाटेवर अवलंबून असते. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून चालणारी एडीएसएल ही पद्धत एकेकाळी उपनगरांत प्रचलित होती; तिच्या मूळ प्रमाणात आत येणारा वेग सुमारे ८ मेगाबिट, तर बाहेर जाणारा फार तर १ मेगाबिटच्या आसपास होता. ग्राहक हा घेणारा, देणारा नव्हे, हे गृहीत तारेच्या रचनेतच बसविलेले होते. जीपॉन ह्या फायबर-पद्धतीत विषमता उरली आहे, पण ती सौम्य आहे : एका धाग्यावर आत २.५ आणि बाहेर १.२५ गिगाबिट, आणि तो धागा साधारणतः ३२ किंवा ६४ घरांत विभागलेला. बत्तीसही घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोराने पाठवावयाचे ठरविले, तरी प्रत्येकाच्या वाट्यास ३९ मेगाबिट येतात.

ह्या आकड्यांचा व्यावहारिक अर्थ एका उदाहरणाने कळेल. मुलुंडमधील एखाद्या संशोधकाजवळ क्षेत्राभ्यासातील ध्वनिमुद्रणांचा २०० गिगाबाइटचा संग्रह आहे, असे समजू. बाहेर जाणारा वेग अर्धा मेगाबिट असेल, तर हा संग्रह दुसरीकडे पाठविण्यास सुमारे ३७ दिवस लागतील. १० मेगाबिट असेल, तर ४४ तास. आणि १०० मेगाबिट असेल, तर साडेचार तास. पहिल्या स्थितीत संग्रहाची दुसरी प्रत ठेवण्याचा विचारही कोणी करणार नाही. तिसऱ्या स्थितीत ते रात्रीतून उरकणारे काम आहे. केवळ लिखित पानांचा प्रश्न असेल, तर १० मेगाबिटांतूनही ५० किलोबाइटची पंचवीस पाने दर सेकंदास देता येतात. व्यक्तिगत सर्व्हरला ह्याहून अधिक गरज क्वचितच पडते.

६. वीज आणि पावसाळा

दहा वॅट वीज घेणारा लहान संगणक वर्षभर अखंड चालविल्यास ८७.६ युनिट खर्च होतात; साठ वॅट घेणारा जुना टेबलसंगणक ५२५ युनिटांहून अधिक खातो. जुने यंत्र फुकट मिळाले, तरी ते स्वस्त पडतेच असे नाही.

वीज गेल्यावर काय होते, ह्याचा विचार घराच्या उंबरठ्यावर थांबविता येत नाही. संगणक, राउटर व फायबरचे टोकाचे यंत्र मिळून तीस वॅट धरले, तर १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची लहान बॅटरी त्यांना दोन तासांच्या आसपास तारून नेते. पण फायबरची जी विभागणी खऱ्या जीपॉनमध्ये विजेवाचून होते, तीच काही स्थानिक केबलचालकांच्या जाळ्यांत जिन्यात किंवा गच्चीवर ठेवलेल्या, विजेवर चालणाऱ्या स्विचमार्फत होते. तेथे इमारतीची वीज जाताच घरातील बॅटरी निरुपयोगी ठरते. जोडणी घेण्यापूर्वीच ही चौकशी करणे शहाणपणाचे होय.

मुंबईच्या पावसाने ह्या विषयातील सर्वांत कठोर धडा दिला आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. उपनगरांतील असंख्य तळमजले पाण्याखाली गेले आणि अनेक भागांत वीजपुरवठा बंद राहिला. सर्व्हर तळमजल्यावर वा खिडकीखाली ठेवू नये, हा त्यातील लहान बोध. मोठा बोध असा की, ज्या घरात मूळ संग्रह आहे, त्याच घरातील दुसरी प्रत ही प्रत म्हणून मोजूच नये. बोरिवलीच्या घरातील संग्रहाची प्रत मुलुंडच्या नातलगाकडे ठेवली, तर वीज-वितरणही निराळे मिळते. कारण मुलुंड-भांडुप पट्ट्यात महावितरणचा पुरवठा आहे आणि पश्चिम उपनगरांत तो अदानी इलेक्ट्रिसिटी व टाटा पॉवर ह्यांच्याकडे आहे. तथापि १२ ऑक्टोबर २०२० रोजी पारेषणातील बिघाडामुळे मुंबई, ठाणे व नवी मुंबई ह्यांचा मोठा भाग एकाच वेळी अंधारात गेला होता. म्हणून महत्त्वाच्या संग्रहाची तिसरी प्रत पुणे वा नाशिक अशा ठिकाणी, शहराबाहेर असावी.

अखंडतेचे मानही यथायोग्य ठेवावे. शंभरापैकी नव्व्याण्णव टक्के वेळ चालणारा सर्व्हर वर्षातून सुमारे साडेतीन दिवस बंद असतो. पेढीला हे परवडणार नाही. कुटुंबाच्या छायाचित्रांना आणि संशोधकाच्या टिपणांना ते खुशाल परवडते.

७. रखवाली

आपला पत्ता कोणास सांगितला नाही म्हणजे तो गुप्त राहिला, ही समजूत घातक आहे. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप ही आज्ञावली सिद्ध केली. एका साध्या संगणकावरून, गिगाबिट वेगाच्या जोडणीने, चौथ्या आवृत्तीच्या संपूर्ण पत्ताक्षेत्रातील एकेका दारावर थाप मारण्यास तिला पाऊण तासही लागला नाही. सहाव्या आवृत्तीचे क्षेत्र असे पिंजून काढणे अशक्यप्राय आहे. परंतु सुरक्षित वेबपानासाठी प्रमाणपत्र घेतले की सर्व्हरचे नाव सार्वजनिक नोंदवहीत येते आणि तेथून तो हुडकता येतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक आज्ञावलीने कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द न बदललेले घरगुती कॅमेरे व राउटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी इतरांवर हल्ले चढविले. निष्काळजी गृहस्थाचे यंत्र परक्याच्या हातातील शस्त्र बनते, म्हणून रखवाली ही केवळ खासगी बाब राहत नाही.

उपाय थोडे आहेत, पण ते नित्य करावे लागतात. जगाला खरोखर हवे तेवढेच दार उघडे ठेवावे. बाकीचा प्रवेश वायरगार्डच्या बोगद्यातून घ्यावा. दूरस्थ प्रवेशासाठी परवलीच्या शब्दाऐवजी किल्ली-जोडी वापरावी. सुरक्षाविषयक सुधारणा आपोआप बसतील अशी व्यवस्था करावी. घरातील दूरचित्रवाणी-संच व कॅमेरे ह्यांच्यापासून सर्व्हरचे जाळे वेगळे ठेवावे. आणि सहा महिन्यांतून एकदा प्रतीवरून संग्रह प्रत्यक्ष परत उभारून पाहावा; कारण जी प्रत कधी उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर विसंबता येत नाही.

८. घरी काय ठेवावे

सर्वच कामे घरी आणण्यासारखी नसतात. ई-मेलचा सर्व्हर हे त्याचे ठळक उदाहरण होय. अनावश्यक टपालाला आळा घालण्यासाठी कित्येक सेवादाते २५ क्रमांकाचा पोर्ट बंद ठेवतात. घरगुती पत्त्यांच्या याद्या करून त्यांच्याकडून आलेले टपाल नाकारण्याचा प्रघात आहे. आणि पत्त्यावरून नाव सांगणारी उलटी नोंद सेवादात्याच्याच हाती असते. पत्र लिहिणाऱ्याचा दोष नसताना त्याचे पत्र कचऱ्यात जाते आणि ते गेल्याचे त्याला कळतही नाही. फायलींचा संग्रह, छायाचित्रे, दिनदर्शिका, संशोधनाची टिपणे, स्वतःची वेबपाने ह्यांना असा जाच नाही. नवशिक्याने येथूनच आरंभ करावा.

कायद्याची रेषाही ओळखून असावी. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा अधिनियम व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेल्या विदा-हाताळणीस लागू नाही. स्वतःच्या कुटुंबाचा संग्रह सांभाळणारा त्याच्या कक्षेबाहेर राहतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे संग्रह शुल्क घेऊन ठेवू लागलेला मनुष्य मात्र घरगुती राहत नाही, आणि त्याच्यावर निराळ्या जबाबदाऱ्या येतात.

९. तात्पर्य

एवढ्या खटाटोपाचे फल काय, असा प्रश्न रास्त आहे. विदागारात भाड्याने मिळणारी जागा घरच्या सर्व्हरपेक्षा बहुतेक बाबतींत अधिक भरवशाची असते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु तेथील संग्रह दुसऱ्याच्या अटींवर राहतो. शुल्क वाढले, खाते गोठविले गेले, किंवा ती सेवाच गुंडाळली गेली, तर वर्षानुवर्षांचे काम एका सूचनेसरशी हातचे जाऊ शकते. ज्याच्याजवळ घरी एक चालती प्रत आहे, त्याला ती सूचना वाचून पुढचा विचार करण्यास अवसर मिळतो.

दुसरे फल शिक्षणाचे. पत्ता, भाषांतर, कूटलेखन, प्रमाणपत्र हे शब्द पाठ्यक्रमात सर्वच विद्यार्थी शिकतात. एक जुना लॅपटॉप आणि एक घरगुती जोडणी घेऊन सत्रभर एखादी सेवा चालविली, म्हणजे ह्या शब्दांमागची यंत्रणा कोठे अडते आणि ती कोणाच्या अधिकारात आहे, हे स्वानुभवाने कळते. जुहूच्या संस्थेतील मंडळींनी ९,६०० बिटांच्या तारेवर हे ज्ञान मिळविले. ती संस्था २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली, आणि ‘.इन’ ह्या भारतीय डोमेनची तिने सांभाळलेली नोंदणीही पुढे निक्सीकडे गेली. तिच्या परिसरातील घरांत आज वेगाची वाण नाही. पत्ता मात्र मागून, विकत घेऊन किंवा बोगदा खणून मिळवावा लागतो. आणि तो मिळाल्यावर दाराशी जागे राहण्याचे काम घरच्याच माणसाला करावे लागते.